सलाला (ओमान): पेशंट जिब्बाली बोलतात, कुठून शिकू?

नमस्कार मंडळी, मदत हवी आहे. मी नर्स आहे, मूळची सांगलीची, सध्या ओमानमध्ये सलालाच्या एका हॉस्पिटलात फीमेल वॉर्डला आहे. येण्याआधी अरबीचा क्लास केला होता पण तिथे शिकवली ती पुस्तकी अरबी, बातम्यांत आणि सरकारी कागदांवर असते ती, इथली माणसं बोलतात ती वेगळीच, तरी ऐकून ऐकून जमायला लागलीये. बाजारात हिंदीवर भागतं, दुकानदार बरेचसे मल्याळी.

खरी अडचण डोंगरातल्या आज्यांची. धोफारच्या डोंगरात गाई-उंट पाळणारी ही माणसं घरात जिब्बाली बोलतात आणि ती अरबीची बोली नाहीच, मेहरी आणि सोकोत्रीच्या कुळातली वेगळी भाषा आहे. तरुण मुली अरबी फाडफाड बोलतात, पण काही आज्यांना जेमतेम कळते. लेक किंवा नात सोबत असली की ती सांगते, ती घरी गेली की पंचाईत. परवा रात्री एक आजी पोटावर हात ठेवून तेच तेच सांगत होत्या, दुखतंय का मळमळतंय का बाथरूमला जायचंय काहीच कळेना. शेवटी घरी गेलेल्या एका लोकल सिस्टरला फोन करून स्पीकरवर घेतलं तेव्हा समजलं की टाक्यांवरची पट्टी काचत होती. फार जीव तुटतो हो अशा वेळी.

मोबाईलवर शिकायला काही सापडलं नाही. काही आवाज जिभेच्या कडेनं हवा सोडून काढतात, ते देवनागरीत लिहून घ्यायचे तरी कसे? आणि काही जण हिला शेहरी म्हणतात, मग समोरच्याला कुठलं नाव आवडेल? जाणकारांनी प्लीज सांगा.

प्रतिसाद:
ताई, मी मस्कतला असतो. ओमानात हे सगळीकडेच आहे. आमच्याच ऑफिसात एकाचं कुटुंब १९६४ च्या क्रांतीनंतर झांझिबारहून आलेलं, घरी स्वाहिली. दुसरा बलुची बोलतो (आता पाकिस्तानातल्या बलुचिस्तानात असलेलं ग्वादर बंदर १९५८ पर्यंत ओमानकडेच होतं ना). इथल्या मत्राह भागातल्या लवाती समाजाची भाषा तर कच्छी-सिंधीच्या जवळची. बाहेर मात्र सगळे अरबीच बोलतात, त्यामुळे आपण घरची भाषा विचारली की लोक मनापासून शिकवतात.

लिहीत बसू नका. पेशंटच्या लेकीकडून कामाची वाक्यं तिच्याच आवाजात रेकॉर्ड करून घ्या, कुठे दुखतंय, पाणी हवंय का, कुशीवर वळा, पट्टी घट्ट आहे का. प्रश्न असे ठेवा की आजींना मान हलवून सांगता येईल, नाहीतर उत्तर कळायचं नाही. सोबत शरीराचं चित्र आणि वेदनेचे चेहरे असलेला तक्ता ठेवा. जिब्बाली म्हणजे डोंगरातली, म्हणून काहींना शेहरीच बरं वाटतं, तेव्हा घरच्यांना विचारून तेच नाव वापरा. फक्त रेकॉर्डिंगच्या आधी त्यांची परवानगी घ्या आणि इनचार्जच्या कानावर घाला.