परका कोण, हे शिकवलं जातं

वर्णद्वेष सगळीकडे दिसतो, म्हणजे तो मनुष्यस्वभावच, असं अनेकदा म्हटलं जातं. मला हे अजिबात पटत नाही. आपलं-परकं करायची खोड माणसात आहे, हे मान्य. हेन्री ताजफेल या मानसशास्त्रज्ञाने १९७० च्या सुमारास शाळकरी मुलांचे अगदी क्षुल्लक निकषावर दोन गट पाडले. आपला गट सोडला तर बाकी कोण कुठल्या गटात आहे हेही मुलांना ठाऊक नव्हतं, तरी पैसे वाटताना त्यांनी आपल्या गटाला झुकतं माप दिलं. पण परका कुणाला म्हणायचं, हे कुठे उपजत असतं? नवजात बाळ कुठल्याही वंशाच्या चेहऱ्याकडे सारखंच बघतं. तिसऱ्या महिन्यापर्यंत ते सवयीच्या वंशाच्या चेहऱ्यांकडे जास्त बघू लागतं, आणि निरनिराळ्या वंशांचे चेहरे रोज दिसत असतील तर हा कलही आढळत नाही. ही ओळखीची ओढ झाली. तिला द्वेष म्हणणं अन्यायाचं आहे.

द्वेष मात्र कायदे करून रुजवला गेला. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया या इंग्रजांच्या वसाहतीत १६६२ साली ठरलं, की मूल आईच्या दर्जाचं. काळी आई गुलाम असेल तर बाप इंग्रज असूनही मूल गुलामच. मळेवाल्यांना पिढ्यानपिढ्या फुकटचे मजूर मिळाले. याला स्वभाव म्हणून सोडून द्यायचं?