पोटोसीचा कडा, १९४२: दोष एकट्या कॅप्टनचा का?

आभाळवाटा
१६ जानेवारी १९४२. टीडब्ल्यूए या अमेरिकन विमान कंपनीचं फ्लाइट ३, डीसी-३ जातीचं विमान, रात्री ७ वाजून ७ मिनिटांनी लास व्हेगासहून कॅलिफोर्नियातल्या बरबँककडे निघालं आणि पाव तासाच्या आत पोटोसी डोंगराच्या कड्यावर आदळलं. २२ जण होते, एकही वाचला नाही. त्यात हॉलिवूडची नटी कॅरोल लोम्बार्ड होती, म्हणून अपघात लक्षात राहिला. चौकशीत मुख्य ठपका आला कॅप्टनवर: दिशा दाखवणारी साधनं हाताशी असताना त्यानं योग्य मार्ग धरला नाही. मला हे पटत नाही.

विमान खरं तर बोल्डर सिटीला थांबायचं. तिथे धावपट्टीला दिवे नव्हते, अंधार पडत होता, म्हणून व्हेगासला उतरवलं. पण उड्डाणाचा तक्ता आधीच, आल्बुकर्कीच्या थांब्यावर, भरून झाला होता. त्यावर पुढच्या टप्प्याची दिशा २१८ अंश. बोल्डरहून ती चालली असती. व्हेगासहून तीच धरली की ८,००० फुटांवरून जाणाऱ्या विमानासमोर साडेआठ हजार फुटांचा डोंगर उभा राहतो. आणि हाच २१८चा आकडा आधीच्या एका फेरीच्या तक्त्यावरही सापडला, तोही दुसऱ्याच वैमानिकांनी भरलेल्या. म्हणजे चूक कंपनीत फिरत होती, कुणी पकडली नाही.

त्यात अमावास्येची रात्र. पर्ल हार्बरवरच्या जपानी हल्ल्याला जेमतेम ४० दिवस झाले होते, आणखी हल्ल्याच्या धास्तीनं विमानांना वाट दाखवणारे जमिनीवरचे बहुतेक दिवे विझवलेले. डोंगर दिसणार कसा?

सुकाणू
अजिबात सहमत नाही. दिवे विझले होते, रेडिओ विझला नव्हता. त्या काळी 'रेडिओ रेंज', म्हणजे जमिनीवरच्या केंद्रातून येणारे मोर्सचे ठोके, ऐकत जायचे. मार्गाच्या एका अंगाला कानात 'ए'चा ठोका, एक आखूड एक लांब; दुसऱ्या अंगाला 'एन'चा, एक लांब एक आखूड. बरोबर मार्गावर असलात की दोन्ही एकमेकांत मिसळून एकच सलग सूर. तो सूर सोडायचा नाही, हा टीडब्ल्यूएचाच नियम होता. हवा स्वच्छ होती, यंत्रणा चालू होती. कॅप्टननं कान दिला असता तर कागदावरचा आकडा काहीही असो, सूर तुटल्याबरोबर कळलं असतं.

माझे वडील मालवणला तांडेल होते. काळोख्या रात्री किनाऱ्यावरचा दिवा दिसला नाही की ते इंजिन मंद करून लाटेचा आवाज ऐकायचे. दिसत नाही म्हणून सुटका मागत नव्हते.

पाऊलखुणा
मला विमानातल्या जागांचं सांगायचंय. आल्बुकर्कीला लष्करी वैमानिकांना जागा द्यायला काही प्रवाशांना उतरायला सांगितलं. व्हायोलिनवादक जोसेफ सिगेटी उतरले आणि जगले. लोम्बार्ड उतरली नाही. इंडियानापोलिसला २० लाख डॉलरहून जास्तीचे युद्धरोखे (युद्धाच्या खर्चासाठीचे सरकारी कर्जरोखे) विकून ती आईसोबत घरी निघाली होती. तिला हट्टी म्हणणाऱ्यांचा मला राग येतो. कुणाला ठाऊक होतं पुढे काय आहे? आणि तिच्याच नावानं सगळं लिहिलं जातं, त्यात ते १५ लष्करी वैमानिक हरवतात. ज्यांना विमान चालवता येत होतं असे १५ जण मागे प्रवासी म्हणून बसले होते. हे वाचलं तेव्हापासून माझ्या डोक्यातून जात नाही.

आभाळवाटा
@पाऊलखुणा, अगदी. त्यांचं मीही लिहायला हवं होतं.

@सुकाणू, सूर ऐकायला हवा होता, मान्य. पण तुमचे वडील स्वतःची होडी स्वतःच्या किनाऱ्यावर नेत होते. इथे कॅप्टनच्या हातात नेहमीचा छापील तक्ता, त्यावर चुकीचा अंश. तो आल्बुकर्कीच्या टेबलावरच अडवायला हवा होता. चौकशीनंही चुकीची दिशा आणि विझलेले दिवे ही साहाय्यक कारणं म्हणून नोंदवलीच आहेत. मग शीर्षस्थानी एकट्याचंच नाव का?

सुकाणू
कारण विमान त्याच्या हातात होतं. तक्ता अडवायला हवा होता, त्यावर माझा वाद नाही. कंपनीला तुम्ही सोडू नका, मीही सोडत नाही. पण व्हेगासला उतरलो हे त्याला ठाऊक होतं. निघण्याची जागा बदलली की दिशा बदलते, हे कागदानं सांगायची गरज नसते.