मदत हवी आहे: १६ जीबी रॅम लावली, वापरता येते फक्त ७.९

जुगाडू_जेके
घरी जोडलेला पीसी. ८-८ जीबीच्या दोन स्टिक लावल्यात. विंडोज म्हणतंय इन्स्टॉल्ड १६, यूजेबल ७.९. बाकीची गेली कुठे? रॅम दुकानात तपासून घेतलीय. रात्री रेंडर लावायचंय, लवकर सांगा.

धूळफुंक्या
बोर्ड कोणता, प्रोसेसर कोणता, विंडोज कितवी? इथे कुणी ज्योतिषी नाही.

जुनाबोर्ड
३२ बिट विंडोज असणार. ६४ टाका.

एकबिट
३२ बिटवाली विंडोज १० चार जीबीच्या वर जातच नाही. ७.९ दिसतेय म्हणजे ६४च आहे.

जुगाडू_जेके
बोर्ड एच६१चा, प्रोसेसर आय५-२४००, विंडोज १० होम.

जुनाबोर्ड
मग झालं. एच६१ला ८च चालते. बोर्ड बदला.

एकबिट
काहीही काय! मेमरी कंट्रोलर प्रोसेसरमध्ये असतो. आय५-२४०० ३२ जीबी घेतो, एका स्टिकला कमाल ८. एच६१वर दोन चॅनेल, म्हणजे प्रोसेसर ते रॅम अशा दोन वाटा, आणि चॅनेलमागे एकच स्टिक, म्हणून १६.
जेके, आधी बायोसमध्ये (पीसी सुरू होताना उघडणारी बोर्डाची सेटिंग) बघा. तिथे १६३८४ एमबी, म्हणजे १६ जीबी, दिसले तर विंडोजमधलं एमएसकॉन्फिग, बूट, अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स, 'मॅक्झिमम मेमरी'वरची टिक काढून रीस्टार्ट. ८१९२ असेल तर विंडोजला हात लावू नका.

सुसाट
एसएसडी टाका हो. पीसी उडेल.

जुगाडू_जेके
८१९२. दुसऱ्या स्लॉटात कुठलीही स्टिक एकटी लावली की डिस्प्लेच नाही. प्रोसेसरचा कूलर बदलण्याआधी ४-४ जीबीच्या नीट चालायच्या.

धूळफुंक्या
कूलर बदललाय हे आत्ता सांगताय?
प्रोसेसर बसतो त्या या सॉकेटमध्ये पिना बोर्डावर असतात. कूलरचा एक स्क्रू जास्त आवळला की दाब एका बाजूला जातो, मेमरीच्या पिना नीट टेकत नाहीत आणि अख्खा चॅनेल जातो. प्लग काढा, चारही स्क्रू ढिले करा, मग समोरासमोरचे अर्धा-अर्धा फेरा आवळा. तरी नाही आलं तर कूलर काढून प्रोसेसर सरळ वर उचला आणि टॉर्च तिरका धरा. पिनांच्या सगळ्या रांगा सारख्या चमकायला हव्यात. एखादी पिन वाकडी दिसली तर ०.५च्या पेन्सिलीचं रिकामं टोक तिच्यावर बसवून हळू सरळ करा. प्रोसेसरवरची जुनी थर्मल पेस्ट पुसून नवी वाटाण्याएवढी लावा.

जुनाबोर्ड
त्यापेक्षा रॅमला खोडरबर मारा.

एकबिट
दोन्ही स्टिक पहिल्या स्लॉटात चालतायत, मग खोडरबर कशाला? कचरा स्लॉटात जातो तो वेगळाच. पुसायचंच तर आयसोप्रोपाइल अल्कोहोल.

जुगाडू_जेके
स्क्रू ढिले करून परत आवळले. १६३८४! विंडोजमध्ये १५.९. ती ०.१ कुठे?

एकबिट
ऑनबोर्ड ग्राफिक्स घेतं थोडी, राहू दे.

जुगाडू_जेके
आणि रॅम १६०० स्पीडची घेतली, १३३३ का दाखवतोय?

धूळफुंक्या
आय५-२४०० तेवढंच चालवतो. रेंडर लावा आता.