अनुभव धागा : गणपत, ड्रॉप शॉर्ट आणि बाकीची चिडवायची नावं

सोलापुरात सात रस्त्याला चहाच्या गाड्यावर सुट्टीवर आलेला पलटणवाला, म्हणजे पायदळातला, आणि तोपखान्यातला भेटले, की आधी एकमेकांची शाखा धुतली जाते, मग घरची चौकशी. ती नावं इथं लिहा. स्वतःचे पराक्रम नकोत. नाव कुठून आलं, त्यात खरं किती आणि कुठं वापरायचं नाही, एवढं पुरे.

पायदळी
मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या जवानाला बाकीचे ‘गणपत’ म्हणतात. यात राग धरण्यासारखं काही नाही, मराठे स्वतःही म्हणवून घेतात. खरी चढाओढ घरातच, पलटणी-पलटणींत. पहिली मराठा म्हणजे ‘जंगी पलटण’, उभारणी 1768 ची. दुसरी 1769 ची, तिचं नाव ‘काली पांचवी’. इथंच गावाकडची माणसं फसतात आणि ‘पोरगा पाचव्या मराठ्यात आहे’ असं सांगत सुटतात. पाचवी मराठा वेगळीच पलटण आहे. काली पांचवी ही आजची दुसरी. पूर्वी ती बॉम्बे नेटिव्ह इन्फन्ट्रीत पाचव्या नंबरची होती आणि तिच्या गणवेशाची कॉलर-मनगटं काळी, म्हणून ते नाव. एका वर्षाच्या थोरलेपणावर दोन्ही पलटणींचे पेन्शनर अजून भांडतात.

तोपची
आम्हाला चिडवायचं नाव इंग्रजांकडून आलंय : ‘ड्रॉप शॉर्ट’. गोळा शत्रूपर्यंत न जाता अलीकडे, आपल्याच पायदळावर पडतो, असा टोमणा. नेम चुकतो म्हणून असं होतं, ही समजूत अर्धवट आहे. तोफेची दारू थंड असली की सावकाश जळते, गोळ्याला वेग कमी मिळतो आणि तो आखूड पडतो. नळी झिजली की गोळ्याच्या कडेनं वायू निसटतो, परिणाम तोच. म्हणून दारूचं तापमान मोजून आणि नळीची झीज धरून पल्ला दुरुस्त करतात. ही दुरुस्ती विसरली, की 155 मिलिमीटरचा साधारण 43 किलोचा गोळा कुणाच्या डोक्यावर जाईल, ते सांगायला नको. पायदळाबरोबर पुढं चालणारा आणि गोळा कुठं पडला ते बघून मागं कळवणारा अधिकारी तोपखान्याचाच असतो. त्याच्यासमोर हा विनोद कुणी करत नाही!

आणखी एक : आमच्याकडं ‘कंपनी’ नसते, ‘बॅटरी’ असते, म्हणजे तोफांची तुकडी. शिपाई नसतो, गनर असतो. पलटणीला जसं निशाण मानाचं, तशी आम्हाला तोफ. तिच्यावर पाय टाकून फोटो काढायला येऊ नका.

रिसालावाला
लग्नपत्रिका छापणाऱ्यांनो, जरा विचारून छापा. रणगाड्यांच्या रेजिमेंटमध्ये हवालदार नसतो, दफादार असतो. नाईकच्या जागी लान्स दफादार, सुभेदाराच्या जागी रिसालदार, शिपायाच्या जागी सवार. घोडे गेले, नावं राहिली. ‘हवालदार’ छापलंत तर मामा मांडवात फुगून बसणार.

‘टँकवाल्यांना चालता येत नाही’ हा पायदळाचा ठरलेला टोमणा. टी-72 रणगाड्यात माणसं तीनच, कारण गोळा यंत्र भरतं. म्हणून मऊ जमिनीत जोरात वळवताना ट्रॅक, म्हणजे चाकांवरचा साखळी-पट्टा, उतरला, की तो चढवायला हातही तीनच जोड्या. अर्जुन रणगाड्यात चौथा माणूस असतो. ट्रॅकची एक कडी उचलून बघा, मग चालण्याविषयी बोलू.

सॅपर
‘सॅप’ म्हणजे किल्ल्याच्या तटाकडं खणत नेलेला चर, त्यावरून सॅपर, म्हणजे लष्करी इंजिनिअर. आमचे तीन गट : बॉम्बे खडकीत, मद्रास बंगळुरात, बंगाल रुडकीत. मद्रासवाल्यांना सगळे ‘थंबी’ म्हणतात, म्हणजे तमिळमध्ये धाकटा भाऊ. खणणारे म्हणून हसा, पण सुरुंगाच्या पट्ट्यात आमच्यामागंच चालावं लागतं.

एनसीसी शिकवणारा
पोरं सॅल्यूटमध्ये सरमिसळ करतात. भूदलाचा तळवा समोर. नौदलाचा खाली, डांबर-ग्रीसनं काळे झालेले हात दिसू नयेत म्हणून, असं सांगतात. हवाई दलाचा 2006 पासून 45 अंशांत. मग भूदलवाले म्हणणार, ‘विमान उडवताय का?’ आणि नौदलातला कॅप्टन भूदलातल्या कर्नलच्या बरोबरीचा असतो. भूदलातल्या कॅप्टनशी त्याची गाठ घालून ‘दोघं सारखेच की’ म्हणू नका.

पेन्शनर
सोलापुरात ‘काय बे’ म्हणजे प्रेम. पलटणीत बाहेरगावच्याला तो ‘अबे’ ऐकू येतो आणि भांडण जुंपतं. नव्या पोरांनी सुरुवातीला तो ‘बे’ गिळावा. शाखेवरून, पलटणीवरून खुशाल बोला. जात आणि घरची माणसं मधे आणायची नाहीत. जेसीओला, म्हणजे सुभेदार-रिसालदार दर्जाच्या माणसाला, ‘साब’च म्हणायचं, नाव घेऊन टिंगल नाही.

हिशेब चुकता करायची जागा म्हणजे रस्साखेच. एका बाजूला आठ जण, तीनपैकी दोन ओढी जिंकायच्या. दोराच्या मध्यखुणेपासून दोन्हीकडं चार-चार मीटरवर खुणा असतात. समोरच्यांची खूण मधल्या रेषेपलीकडं आणली की ओढ तुमची. शेवटचा गडी दोर काखेखालून घेऊन पाठीवरून तिरपा, दुसऱ्या खांद्यावरून पुढं आणतो. नवखा दोर कोपरात अडकवतो नाहीतर मुद्दाम बसकण मारतो. दोन्ही फाउल. आणि सगळी ताकद पहिल्या झटक्यात घालवू नका. समोर तोपखाना असला तर पहिला झटका नुसता धरून ठेवा, दम गेला की ओढा.