सस्क्वेहाना खोऱ्यातील प्लायमथ: खाणगावाविषयी लिहिताना कशावर भर द्यावा?

प्रश्न – कन्हानकाठ, नागपूर
माझे वडील सिल्लेवाडा येथील भूमिगत कोळसा खाणीतून निवृत्त झाले आहेत. कन्हान खोऱ्यातील खाणवस्त्यांवरील लेखात तुलनेसाठी अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनिया राज्यातील, सस्क्वेहाना नदीकाठचे प्लायमथ हे छोटे नगर घेत आहे. त्याविषयी काय आवर्जून लिहावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर – खाण अभियंता
ताई, 1807 मध्ये अबायजा स्मिथ यांनी येथील अँथ्रासाइट (कठीण, उच्च प्रतीचा) कोळसा नदीमार्गे विक्रीस पाठवला आणि 1866 मध्ये गावाला स्वतंत्र नगराचा दर्जा मिळाला, एवढी पूर्वपीठिका पुरे. खरी जागा द्यावी ती शेजारच्या एव्हनडेल खाणीला. तिथे ये-जा करण्यास एकच शाफ्ट, म्हणजे खाणीत उतरणारा उभा खड्डा, होता आणि कोळसा फोडण्या-चाळण्याची लाकडी इमारत नेमकी त्याच्याच तोंडावर उभी होती. 6 सप्टेंबर 1869 रोजी शाफ्टला आग लागली, जळते लाकूड कोसळून वाट बुजली आणि सोडवायला उतरलेल्या दोघांसह 110 जण दगावले. पुढच्याच वर्षी तेथील कायद्याने खाणीला दुसरी वाट सक्तीची केली. आज आपल्या खाणींतही हा नियम आहे. त्यामागे अशी माणसे आहेत, हे वाचकांना कळायलाच हवे.

उत्तर – आरोग्यसेवक, सीताबर्डी
1885 ची विषमज्वराची साथ कृपया वगळू नका. डोंगरातील ओढ्याकाठच्या एका घरातील रुग्णाचे मलमूत्र हिवाळाभर बर्फावर टाकले जात होते. वसंतात बर्फ वितळला, घाण ओढ्यातून नळयोजनेच्या जलाशयात उतरली आणि सुमारे आठ हजार वस्तीच्या गावात हजारावर लोक आजारी पडून 114 दगावले. केवळ विहिरीचे पाणी पिणारी घरे मात्र बहुतांशी बचावली, आणि त्यावरूनच दोष नळाच्या पाण्याकडे वळला. कन्हान-पेंचचे पाणी पिणाऱ्या नागपूरकरांना हा तपास जवळचा वाटेल.

उत्तर – सावनेरकर
नदीच्या वरच्या अंगाला पिट्स्टनजवळील नॉक्स खाणीचाही उल्लेख असावा, कारण 22 जानेवारी 1959 रोजी पात्राखालचे पातळ छत फुटून सस्क्वेहाना खाणीत शिरली आणि 12 कामगार गेले. त्या भगदाडावर नदीत पडलेला भोवरा बुजवण्यासाठी रेल्वेचे डबे पाण्यात लोटावे लागले. खोऱ्यातील भूमिगत खाणकाम त्यानंतर जवळजवळ संपले. कन्हानलगतच्या खाणींत नदीखाली किती जाडीचा खडक राखला जात असे, हे वडिलांना विचारून लेखात अवश्य घ्यावे.