मदत हवी आहे: लॅबला फॉल्स सीलिंग करावं की वरचं सगळं उघडं ठेवावं? (शिरोली एमआयडीसी, कोल्हापूर)

राम राम मंडळी. शिरोलीत पाणी, माती आणि गूळ तपासायची लॅब काढतोय. आरसीसी बिल्डिंगचा पहिला मजला, स्लॅब १२ फुटांवर पण बीमखाली साडेदहाच मिळतात. आर्किटेक्ट म्हणतात सीलिंग करूच नका, हवेचे डक्ट, केबल ट्रे, गॅसच्या लाइनी उघड्या ठेवू, उद्या नवं मशीन आलं तर वरून लाइन ओढायला सोपं आणि कुठं गळलं तर लगेच दिसतं. हे पटतंय मला, कारण डक्टखाली सीलिंगची टाइल लावली तर डोक्यावर जेमतेम आठ फूट राहणार, मग फ्यूम हूडच्या (रसायनांचे धूर ओढून बाहेर टाकणारं कपाट) वरचं डक्टचं वळण बसवायचं कुठं?

पण भीती आहे ती धुळीची. आजूबाजूला सगळ्या फाउंड्र्या, खिडकी बंद असली तरी काळी बारीक धूळ टेबलावर येतेच. ती डक्टच्या पाठीवर साचणार, मग खाली नमुन्यात पडणार, आणि आम्ही पाण्यातलं लोह मोजणार! शिवाय पावसाळ्यात डक्टला घाम सुटून टेबलावर टपकलं तर? एनएबीएलवाले (लॅबला मान्यता देणारे) हरकत घेतील का? कुणी असं काम केलं असेल तर प्लीज सांगा, पुढच्या आठवड्यात ड्रॉइंग फायनल करायचंय.

---

उत्तर: दादा, एसी-डक्टचीच कामं करतो म्हणून सांगतो, सगळ्या खोल्यांना एकच नियम लावू नका. केमिकल सेक्शन खुशाल उघडं ठेवा. मायक्रोबायोलॉजीला आणि लोह-बिह मोजता त्या खोलीला मात्र सलग जिप्समचं बंद सीलिंग, सांधे सील करून वर इपॉक्सी रंग. टाइलवालं नको, फटीतून धूळ गळते. आयएसओ १७०२५ मध्ये (एनएबीएल ज्यावर लॅब तपासते ते मानक) सीलिंग असलंच पाहिजे असं कुठं लिहिलेलं नाही, जागेमुळं निकाल बिघडत नाही हे दाखवायचं आणि नोंदी ठेवायच्या.

आता मूळ मुद्दा. फ्यूम हूड तोंडापाशी सेकंदाला साधारण अर्धा मीटर वेगानं हवा ओढतो आणि बाहेर फेकतो, तेवढी हवा फिल्टरमधून आत सोडली नाही तर ती खिडकीच्या फटीतूनच येणार, फाउंड्रीच्या धुळीसकट. मग वर सीलिंग असो नसो, टेबल काळंच. लोहाच्या खोलीत तर हवेचा दाब बाहेरपेक्षा थोडा जास्तच ठेवा. आत येणाऱ्या हवेचा झोत हूडच्या तोंडावर येऊ देऊ नका, आतले धूर बाहेर येतात.

उघड्या भागात गोल डक्ट घ्या, चौकोनीच्या सपाट पाठीवर धूळ बसते. स्लॅबलाही धुता येणारा रंग मारा, कोरं सिमेंट झडत राहतं. घामाचं म्हणाल तर रात्री एसी बंद राहून खोलीत दमट हवा भरते, सकाळी एसी सुरू केला की गार झालेल्या डक्टला पाणी सुटतं. डक्टवर नायट्रिल रबरचं इन्सुलेशन सांध्यापर्यंत नीट चिकटवून घ्या, वरून पुसता येईल असा पत्रा. आवाज घुमेल तेवढा मात्र धरून चला. ड्रॉइंगमध्ये ताज्या हवेची लाइन दाखवलीय का?

---

धागाकर्ता: लई उपकार झाले दादा. आत्ताच बघितलं, एक्झॉस्ट दाखवलाय, ताज्या हवेची लाइन कुठंच नाही. ती घ्यायची तर फाउंड्रीच्या उलट्या अंगाला गच्चीवरून घेतली तर चालेल का, आणि फिल्टर कुठल्या ग्रेडचा घालू?