बूस्टर आणि नंतरचा थकवा

‘बूस्टर (कोविड लशीचा वाढीव डोस) घेऊनही कोविड झालाच, मग टोचून घेतलं कशाला’ हा या चर्चेत वर कोणीतरी मांडलेला मुद्दा मला पटत नाही. लशीने तयार झालेल्या अँटिबॉडी काही महिन्यांत ओसरतात, विषाणूचा ओमायक्रॉन हा प्रकार तर त्यांना बराचसा चुकवतोच. पण आजार गंभीर होण्यापासूनचं संरक्षण त्यापेक्षा जास्त टिकतं. आपल्याकडे १० जानेवारी २०२२ पासून आरोग्य कर्मचाऱ्यांबरोबर साठीपुढच्या, मधुमेह-हृदयविकारासारख्या सहव्याधी असलेल्यांना बूस्टर आधी दिला, कारण खरा धोका त्यांनाच होता.

कोविडनंतरच्या थकव्याबद्दल मात्र इथे कोणीच लिहिलेलं नाही. माझ्या बहिणीला ताप जेमतेम तीन दिवस होता, घरीच बरी झाली. पण तीन महिन्यांनंतरही चार पोळ्यांची कणीक मळून झाली की ओट्याला टेकून उभी राहायची. आम्हीच म्हणायचो, रोज चालत जा, ताकद येईल. ती हट्टाने चालायची आणि दुसऱ्या दिवशी तिला अंथरुणातून उठवत नसे. डॉक्टरांनी आधी हिमोग्लोबिन, थायरॉइड, साखर तपासली, छातीचा एक्स-रे काढला. सगळं ठीक निघाल्यावर म्हणाले, ‘जोर लावू नका. दमायच्या आधी थांबा.’ मग ती बसून भाजी चिरू लागली, अंघोळ आणि स्वयंपाकाच्या मध्ये अर्धा तास पडू लागली. सावरायला आठ महिने लागले. आमच्या त्या आग्रहाचं मला अजून वाईट वाटतं. श्रमानंतर दुसऱ्या दिवशी असा थकवा उसळत असेल, तर त्या माणसाला कृपया व्यायामाला ढकलू नका. छातीत दुखत असेल किंवा धाप वाढत असेल, तर मात्र त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.